आज्जीला घेऊन उत्तरेच्या रानात

श्रोतेहो, नमस्कार. लांबच्या प्रवासाचं ठरायला लागलं की घरातलं म्हातारं माणूस आपणहून म्हणतं, "तुम्ही जावा, मी घर राखते." आणि आपणही फारसा आग्रह धरत नाही. मला आज सांगायचंय ते हेच, की आग्रह धरा. ज्या गाडीत शेगडी आहे, झोपायला जागा आहे, संडास आहे, त्या मोटरहोममधून आज्जीला नेलंच पाहिजे.

आमचे धाकटे भाऊजी कॅनडात कॅलगरीला असतात. त्यांनी जूनमध्ये अशी गाडी भाड्यानं घेतली आणि आम्ही सगळे, सासूबाईंसकट, अलास्का हायवेला लागलो. हा रस्ता कॅनडातल्या डॉसन क्रीकला सुरू होतो आणि युकॉन या तिथल्याच उत्तरेकडच्या प्रदेशातून अमेरिकेच्या अलास्कात शिरतो. १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, अमेरिकन लष्करानं तो जंगल तोडून काही महिन्यांत काढला.

तिथं शंभर-शंभर किलोमीटर पंप दिसत नाही, मोबाईलला रेंज नसते. म्हणून अर्धी टाकी झाली की डिझेल-पेट्रोल भरून घ्यायचं. पुन्हा सांगते, अर्धी टाकी. पाण्याचं तसंच, जपून. सांडपाण्याची आणि संडासाची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची, वाटेत कुठं नाही. मुलूख अस्वलांचा आहे, तेव्हा खरकटं रात्री बाहेर ठेवायचं नाही. खरकटं बाहेर नाही, एवढं पोरांनासुद्धा पाठ करून द्या. पुढं युकॉनमध्ये जमीन आतून बारमाही गोठलेली असते. ती कुठं वितळून खचते आणि डांबरी रस्ता वरखाली होतो. तिथं गाडी हळू आणि कपाटांची दारं घट्ट बंद.

आता वॉटसन लेकचं सांगते. डॉसन क्रीकपासून साधारण हजार किलोमीटरवर हे गाव. रस्त्याचं काम चालू असताना कार्ल लिंडली नावाच्या जखमी शिपायाला इथं दिशांच्या पाट्या दुरुस्त करायला लावलं होतं. त्याला घरची आठवण येत होती. त्यानं त्या पाट्यांत स्वतःच्या गावाची, इलिनॉयमधल्या डॅनव्हिलची, एक पाटी ठोकली. ती बघून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपापल्या गावच्या पाट्या लावल्या. आज तिथं ऐंशी हजारांच्या वर पाट्या आहेत, खांबांमागून खांब.

आमचीही पाटी तयार होती. गणपती पेठेतून फळी आणली होती आणि ओळखीच्या पेंटरकडून त्यावर निळ्या रंगात "सांगली" लिहून घेतलं होतं, 'ग'च्या कान्याला त्यानं नेहमीचा बाक दिलेला. (आपल्याकडं गावच्या वेशीवर पाटी असते, पण तिच्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स बांधलेले असतात. नवख्या माणसाला गाव कुठलं ते कळत नाही. गावाचं नाव झाकणं मला अजिबात पटत नाही. ग्रामपंचायतींनी हे थांबवायला हवं.)

भाऊजी शिडीवर चढून वरच ठोकायला निघाले. खालून सासूबाई म्हणाल्या, "इतक्या उंच नको रे. वाचता आली पाहिजे." मग जर्मनीतल्या कुठल्याशा गावाच्या पाटीखाली, डोळ्यांच्या उंचीला जागा काढली. खिळा आत जाईना, दोन वाकले. तिसरा बसला तेव्हा सासूबाईंनी कनवटीची पुडी काढली आणि पाटीला हळद-कुंकू लावलं. हळद अर्थातच आपल्या बाजारातली. शेजारी एक वयस्क जोडपं आपल्या गावची पाटी शोधत होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, हे काय? जाऊबाईंनी समजावलं. त्यांनीही मग आपलं कपाळ पुढं केलं.

नंतर सासूबाई कितीतरी वेळ त्या खांबांमधून फिरत राहिल्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. नातवाला एकेक पाटी वाचायला लावत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "त्या शिपायाचं काय झालं? गेला का घरी?"

आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. या रस्त्याची गोष्ट मी घरून वाचून आले होते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिथल्या माहिती केंद्रात विचारलं. तो घरी गेला होता. आणि १९९२ साली, पन्नास वर्षांनी, बायकोला घेऊन तो ही जागा बघायला परत आला होता. हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, तिलाही दाखवलं त्यानं." मग गाडीत जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला. रात्रीचे दहा वाजले होते आणि बाहेर लख्ख उजेड. दिवेलागण कधी धरायची, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

तर श्रोतेहो, जून ते ऑगस्ट हा तिकडचा हंगाम. गाडी हिवाळ्यातच ठरवून ठेवा. आणि ठरवताना खाली, जमिनीलगतचा पलंग आहे का ते आधी विचारा. वरच्या जागेवर पोरं आनंदानं झोपतात, खालचा पलंग आज्जीला लागतो. नमस्कार.