डायरीवरचा प्लॉट

(पडद्यावर: खिशात मावेल एवढी मरून रेक्झिनची डायरी. पान उलटतं.)

प्लॉट नंबर 114. वीस बाय पन्नास. खाली तारखा, तारखांपुढे आकडे, आकड्यांपुढे एक लफ्फेदार सही. घेणाऱ्याचं नाव शोधाल तर सापडणार नाही. ते मुद्दामच लिहिलेलं नाही.

ही डायरी माझ्या मावशीची. रामबागेतलं जुनं घर विकलं, भावंडांत वाटण्या झाल्या आणि तिच्या वाट्याच्या पैशातून इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यापलीकडे 'कॉलनी कटतेय', म्हणजे शेताचे प्लॉट पाडताहेत, म्हणून प्लॉट घ्यायचं ठरलं. घेतला तो डायरीवर. इंदूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. परवानग्या यायच्या आधीच दलाल पैसे घेतो आणि डायरीत मांडतो. रजिस्ट्री होईपर्यंत ती डायरीच या हातातून त्या हातात विकली जाते. नाव कोरं ठेवतात ते त्यासाठी. शेजारच्या काकूंनी तीन महिन्यांत आपली डायरी विकून पाटल्या केल्या होत्या. खरं सांगायचं तर आम्ही फसलो ते त्या पाटल्या बघून.

(पडद्यावर: शेतात ठोकलेले सिमेंटचे खुंट, मधे वाळलेली सोयाबीनची धसकटं.)

रेरा, म्हणजे घरं-प्लॉटच्या विक्रीवर नियमन ठेवणारा कायदा, 2016 चा. 500 चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे, तर आधी रेराची नोंदणी. तोवर जाहिरातसुद्धा करता येत नाही, बुकिंग तर दूरच. नोंदणी झाल्यावरही किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची तर आधी करारनामा रजिस्टर करावा लागतो. मावशीने 40 टक्के देऊन टाकले होते. पहिला हप्ता चेकने, बाकी सगळे रोख. जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला घेतली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हा नियम 2015 पासून आहे. पण 'व्हाइट में रेट दूसरा लगेगा, आंटी' म्हटलं की आपल्या माना डोलतात.

दीड वर्षाने टी अँड सीपीचा, म्हणजे नगर नियोजन खात्याचा, मंजूर नकाशा हाती आला. मावशी चष्मा कपाळावर सारून जेवणाच्या टेबलावर त्यावर ओणवी झाली. 114 सापडला. त्यावर तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. कोपऱ्यातल्या चौकटीत त्या रेघांचा अर्थ दिला होता: बंधक. रस्ते, नाल्या, दिवे पूर्ण होतील याची हमी म्हणून कॉलनीवाल्याने शासनाकडे अडकवून ठेवलेले हे प्लॉट. काम पूर्ण होऊन ते सुटेपर्यंत त्यांची विक्री करता येत नाही.

'म्हणजे नसलेलंच विकलं की मला,' मावशी म्हणाली.

पैसे परत मागायला वाट आहे. खोट्या ब्रोशरवर विसंबून पैसे दिले असतील, तर व्याजासकट परताव्याची तक्रार रेराकडे करता येते. प्राधिकरण भोपाळला असलं तरी अर्ज ऑनलाइन भरता येतो. ग्राहक आयोगाचंही दार बंद नाही. नुसता जमिनीचा तुकडा विकला तर ती 'सेवा' ठरत नाही, पण रस्ते-वीज देण्याच्या बोलीवर प्लॉट विकला तर ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं आहे. 2019 च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. प्रश्न पुराव्याचा. बिननावाची डायरी कुणाचीही असू शकते. मावशीच्या बाजूने उभे आहेत तो एकुलता एक चेक आणि दलालाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. तेही ती दर महिन्याला डिलीट करायची, जागा कमी पडते म्हणून.

(पडद्यावर: लॅपटॉपवर अर्धवट भरलेला अर्ज. फोन वाजतो. स्पीकर.)

'आंटी, टेन्शन मत लो। दूसरी कॉलोनी में एडजस्ट कर देते हैं। नई डायरी बना देता हूँ।'

मावशी पेन उचलते. 'रेरा नंबर बताओ। वो पी-आईएनडी से शुरू होता है ना, वो।'

पलीकडे हॉर्नचे आवाज. कुणीतरी चहा मागवतंय.

'अप्लाय किया है, आंटी।'