दाबायची घाई नको

हे बघा, हा फ्रेंच प्रेस, कॉफी करायचं काचेचं एक भांडं, स्टीलची एक दांडी आणि दांडीच्या टोकाला गोल जाळी. बस, एवढंच. वायर नाही, बटण नाही, पंप नाही. नावातच प्रेस आहे म्हणून सगळ्यांना वाटतं की खरं काम दाबण्याचं, मलाही कितीतरी दिवस तसंच वाटायचं, पण रोज सकाळी हेच भांडं हातात घेत गेलं की हळूहळू कळतं, दाबणं हे यातलं सगळ्यात छोटं काम आहे, कॉफी तयार होते ती त्याच्या आधी, आपण काहीच करत नसतो तेव्हा.

आधी थोडं मागे जाऊ. 1852 साली फ्रान्समध्ये मेयर आणि देलफोर्ज या दोघांनी दांडीला गाळणी लावून ती कॉफीत खाली दाबायची अशा भांड्याचं पेटंट घेतलं. पुढे 1929 मध्ये मिलानच्या कॅलिमानी आणि मोनेता या दोघांचं पेटंट आलं, आणि 1958 मध्ये फालिएरो बोंदानिनी नावाच्या आणखी एका माणसाचं. त्याचं डिझाईन फ्रान्समध्ये चक्क क्लॅरिनेट बनवणाऱ्या फॅक्टरीत तयार व्हायला लागलं आणि तिथून ते घराघरात पोचलं. म्हणजे बघा, शंभर वर्षं लोक या एका वस्तूच्या मागे लागले होते. या सगळ्यात अवघड जागा कुठली तर जाळी आणि काच यांच्यामधली फट. आज जाळीच्या कडेला ही जी बारीक गोल स्प्रिंग दिसतेय ना, आत्ता क्लोजअपमध्ये दिसतेय ती, ती त्या फटीसाठीच आहे, काचेला घासत घासत खाली जाते आणि पूड वर येऊ देत नाही. पण पिठासारखी बारीक पूड कुठलीच जाळी अडवू शकत नाही. तिचा उपाय वेगळा आहे, त्याकडे येतोच.

आता मापं. 30 ग्रॅम कॉफी, 500 ग्रॅम पाणी. पाणी पण वजनकाट्यावरच मोजा, भांडं काट्यावर ठेवायचं, शून्य करायचं आणि ओतायचं, सोपं पडतं. चमच्याने मोजलं तर हलकी भाजलेली बी जड असते, जास्त भाजलेली फुगून हलकी झालेली असते, म्हणून तोच चमचा रोज वेगळं माप देतो आणि मग काल छान झाली होती आज काय झालं कळतच नाही.

दळण्याबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण पैसे घालायचेच असतील तर भांड्यापेक्षा ग्राइंडरवर घाला असं मी मनापासून सांगेन. पात्याच्या ग्राइंडरमध्ये बी कापली जाते कशीही, थोडं पीठ होतं, थोडे मोठे तुकडे राहतात. पिठातून सगळं झटकन उतरतं, नको ते कडूही उतरतं, आणि मोठ्या तुकड्यांच्या पोटापर्यंत पाणी पोचतच नाही, त्यातून नुसता आंबटपणा येतो, म्हणजे एकाच कपात कडू पण आणि आंबट पण. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी भागांच्या फटीतून प्रत्येक दाणा जातो, त्यामुळे पूड बऱ्यापैकी एकसारखी पडते, हाताने फिरवायचा छोटा असला तरी चालतो. आणि सगळीकडे सांगतात तसं एकदम भरड, खड्यांसारखं दळायची गरज नाही, मध्यमच्या किंचित वर ठेवा. फक्त बारीक करू नका. मी एकदा बारीक दळलेली कॉफी घातली, प्लंजर, म्हणजे ती जाळीची दांडी, खाली जाईना, म्हणून दोन्ही हातांनी जोर लावला आणि जाळी तिरकी होऊन उकळती कॉफी बाजूने वर उसळली, मनगट भाजलं. प्लंजर अडला तर जोर लावायचा नाही, थोडा वर उचलायचा, थांबायचं आणि परत सावकाश.

पाणी उकळलं की आधी थोडं रिकाम्या भांड्यात घालून फिरवून टाकून द्या, थंड काच पाण्याची बरीच उष्णता खाते. कॉफीला लागतं ते साधारण 90 ते 96 डिग्री. हलकी भाजलेली असेल तर उकळतं पाणी सरळ ओता, गडद भाजलेली असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून ओता.

आणि आता बघा. पाणी पडलं की पूड वर येते, फुगते, तिच्यातून बुडबुडे फुटतात. भाजताना बीच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो भाजल्यानंतर कितीतरी दिवस आतच अडकून असतो, गरम पाणी लागलं की सुटतो, आणि त्या गॅसच्या जोरावर पूड तरंगत राहते, वर जाड थर धरते. हा थर जितका फुगलेला तितकी कॉफी ताजी, जुनी कॉफी नुसती पडून राहते, हलत पण नाही. वास घ्या या वेळी, भांड्यावर वाकून, हा वास नंतर कपात येत नाही.

4 मिनिटं. काही करायचं नाही.

4 मिनिटांनी चमच्याने, लाकडी असेल तर बरं कारण काचेला स्टीलचा चमचा लागून तडा जाऊ शकतो, वरचा थर हलकेच मोडायचा. दोन-तीन वेळा फक्त. गॅस निघून जातो, भिजलेली पूड जड होते आणि आपल्यासमोर खाली खाली जायला लागते. वर जो पांढुरका फेस आणि उरलेला चुरा राहतो तो दोन चमच्यांनी काढून टाका. कॉफीची चव तपासणारे लोक कपात असंच करतात, 4 मिनिटांनी थर मोडतात, फेस काढतात, आणि त्यांच्याकडे तर प्लंजर नसतोच.

इथून पुढे बहुतेक लोक लगेच दाबतात आणि इथेच माझं म्हणणं आहे की थांबा, अजून 5 मिनिटं थांबा. मघाशी ती बारीक पूड म्हटली ना, जी जाळीला ऐकत नाही, ती आता स्वतःहून खाली बसत असते. साका खाली, कॉफी वर. पण मग कडू होईल ना, हा प्रश्न येतोच. बीमधलं साधारण 30 टक्केच पाण्यात विरघळू शकतं, बाकी सगळं चोथा, आणि त्यातलं बीच्या एकूण वजनाच्या 18 ते 22 टक्के उतरलं की चव चांगली लागते असं 1950 च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या संशोधकाने मांडलं, आजही तेच माप धरतात. भिजवलेल्या कॉफीत मजा अशी की सुरुवातीला भराभर उतरतं, पण पाण्यात जसजसं विरघळत जातं तसतसा वेग मंदावतो, वर पाणीही निवत असतं, पूडही तळाशी जाऊन बसलेली असते. त्यामुळे ही जास्तीची 5 मिनिटं कॉफी बिघडवत नाहीत, उलट तिला निवळू देतात. तासभर ठेवू नका, ते वेगळं.

आता प्लंजर. लावा आणि जाळी नुसती कॉफीच्या वरच्या पातळीला टेकवा. तळापर्यंत दाबायचंच नाही. तळापर्यंत दाबलं की इतका वेळ खाली बसलेला साका परत ढवळून निघतो. जाळी इथे फक्त गाळणी आहे. आणि मग बारीक धारेने ओता, भांडं जास्त हलवू नका.

दाबणं हेच काम असलेलं यंत्र हवं असेल तर ते एरोप्रेस, 2005 मध्ये बाजारात आलं, ॲलन ॲडलर नावाच्या इंजिनियरने केलं, जो त्याआधी लांब उडणाऱ्या खेळाच्या रिंगसाठी ओळखला जायचा. त्यात कागदाचा फिल्टर असतो, तिथे हाताच्या दाबाने कॉफी कागदातून खाली उतरते, पण तिथेही जोर नाही, वीस-तीस सेकंद सावकाश, आणि सूं असा हवेचा आवाज आला की थांबायचं. 2008 मध्ये ऑस्लोत त्याची पहिली स्पर्धा झाली तेव्हा स्पर्धक होते तीन. आज जगभर भरते.

कागद आणि जाळी यातला फरक जिभेला लगेच कळतो. कागद कॉफीचं तेल धरून ठेवतो, जाळी सोडते, म्हणून फ्रेंच प्रेसची कॉफी अशी भरलेली, जाडसर लागते, कपात वर बारीक तवंग दिसतो, हा बघा, उजेडात कप तिरका केला की. हेच तेल मला आवडतं, पण त्यात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो जो रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. ज्यांचं आधीच वाढलेलं आहे त्यांनी रोजची कॉफी कागदातून गाळलेली घ्यावी, हे मी काळजीने सांगतोय.

आणि तेच तेल जाळीत अडकून राहतं. नुसतं पाण्याखाली धरून चालत नाही, जाळीचा स्क्रू काढून सगळ्या चकत्या वेगळ्या करा, साबणाने घासा, वाळू द्या. नाहीतर आठवड्याभरात खवट वास धरतो आणि मग कितीही चांगली बी आणा, प्रत्येक कपात तो येतो.

कप भरल्यावर लगेच तोंडाला लावू नका, खूप गरम असताना चव कळत नाही. थोडी निवली की गोडवा पुढे येतो, अजून निवली की फळासारखा आंबटपणा. भांड्यात तळाला दोन बोटं कॉफी राहील, ती ओतायचा मोह होतो, राहू द्या तिला तिथेच, सगळा साका त्यात आहे.