वाघ नंतर येतो

या, या, पुढे बसा, मागे पंखा लागत नाही. तर विषय रुतणाऱ्या वाळूचा. आम्ही पोरं रविवारी टीव्हीवर पिक्चर बघायचो, त्यात व्हिलन हमखास वाळूत रुतायचा, आधी कंबर मग गळा आणि शेवटी नुसता हात वर, दोन बुडबुडे, खलास. सोमवारी शाळेत जाताना आम्ही सगळे समुद्राच्या पुळणीवरून काठीने टोचत टोचत चालायचो. आणि खाडीत, जिथे माणूस खरंच रुततो, तिथे आमच्याच घरच्या बायका रोज सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढायला जायच्या, तिथली भीती कुणाच्या डोक्यातही नव्हती.

मी दहा वर्षांचा असेन, आत्याबरोबर गेलो आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत. मी बोंबललो, आता बुडबुडे येणार म्हणून. उजवा पाय खेचला तर डावा आणखी खाली. आत्या लांबूनच ओरडली, "मेल्या, खेचू नको पाय! बूड टेक मागं!" मी मागे रेललो, ती आली, माझ्या पाठीखाली रिकामं टोपलं सरकवलं आणि म्हणाली आता पाय हळूहळू हलव, तांदूळ धुताना हात फिरवतो ना तसा. निघाले पाय. चप्पल एकच निघाली, दुसरी अजून तिथेच असेल.

पुढे 2005 साली अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीवर संशोधन केलं, ते नेचर या विज्ञान साप्ताहिकात आलं. वाळू, थोडी चिकणमाती, खारं पाणी. कण एकमेकांवर सैल रचलेले असतात, पत्त्यांच्या बंगल्यासारखे, मध्ये पाणी. पाय पडला, हालचाल झाली की बंगला कोसळतो, सगळं पातळ होतं आणि आपण आत जातो. मग पाणी वर राहतं आणि वाळू खाली पायाभोवती घट्ट बसते. हा घट्ट थर पाण्याच्या साधारण दुप्पट जड, आणि आपण जवळपास पाण्याएवढेच, त्यामुळे कंबरेच्या आसपास गेलात की पुढे जातच नाही, तरंगता. डोक्यावरून वाळू वगैरे सगळा पिक्चरवाल्यांचा मसाला. पण सरळ वर खेचायला जाल तर, सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने पाय काढायलासुद्धा मध्यम आकाराची कार उचलण्याएवढा जोर लागतो असा त्यांचा हिशोब. पाय हलवून आजूबाजूला पाणी शिरू द्यायचं, हाच उपाय. आत्या शाळेत चौथीपर्यंत होती हो.

मग भ्यायचं कशाला? ती सोन्याच्या कड्याची गोष्ट आठवते ना, म्हातारा वाघ वाटसरूला म्हणतो तळ्यात अंघोळ करून ये, कडं देतो. वाटसरू चिखलात रुततो. चिखल त्याला काहीच करत नाही, नुसता धरून ठेवतो, खातो वाघ. आपल्याकडचा वाघ म्हणजे भरती. इंग्लंडात मोरकॅम्ब बे म्हणून उपसागर आहे, रुतणाऱ्या वाळूसाठी प्रसिद्ध, तिथे 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री शिंपल्या वेचणारे किमान 21 चिनी मजूर गेले. बुडाले ते भरतीच्या पाण्यात. त्यांना तिथलं पाणी कधी चढतं हे माहीतच नव्हतं.

आपल्याला माहीत असायला हवं, कारण आपल्याकडे त्याचा पाढाच आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीनला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी-नंतर सुकती. मोबाइल नको, रेंज नको. पण हल्ली लोक कॅलेंडर गॅस सिलेंडर कधी आला ते लिहायला वापरतात.

पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांचं तर काय बोलावं, टायर रुतला की रेस देतात, रेस दिली की वाळू आणखी पातळ, चाक आणखी खाली, मग गावात बैल नाहीतर ट्रॅक्टर शोधत फिरतात आणि तोपर्यंत पाणी दारापर्यंत. कर्णाने तरी उतरून चाकाला हात घातला होता, हे आतच बसून गाणी लावतात.

बरं, आज तिथी दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. आत्ता सहा वाजून गेलेत. मघाशी येताना खाली पुळणीवर एक पांढरी गाडी उभी दिसली, ती तुमच्यापैकी कुणाची आहे?