लाल नॉब आणि इंजिनाचा ताप

बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ३८ अंशांवर गेला, की इथली तापलेली हवा ५,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. सेस्ना १७२ या छोट्या विमानात थ्रॉटलशेजारी, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याशेजारी, जो लाल नॉब दिसतो, त्याचे मोल अशा दुपारी कळते. हा मिक्स्चरचा नॉब. हवेत इंधन किती मिसळायचे, हे वैमानिक त्यानेच ठरवतो.

एक किलो पेट्रोल पुरते जळायला जवळपास १५ किलो हवा लागते. सखल धावपट्टीवरून उड्डाण करताना मात्र नॉब पूर्ण आत असतो आणि इंजिनाला गरजेपेक्षा जास्त इंधन मिळते. ही उधळपट्टी नव्हे. या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून वाहणारा वाराच त्याला मुख्यतः थंड ठेवतो, आणि चढताना वेग कमी असल्याने तोही अपुरा पडतो. अशा वेळी जादा इंधनामुळे ज्वलन मंदावते, सिलिंडरमधला कमाल दाब उशिरा आणि कमी येतो, आणि धातूला बसणारी झळ सौम्य होते.

वर गेल्यावर हवा विरळ होते, इंधन मात्र तितकेच येत राहते; म्हणून नॉब हळूहळू बाहेर ओढून मिश्रण लीन, म्हणजे कमी इंधनाचे, करावे लागते. शिकणाऱ्यांची गल्लत होते ती इथे. इंधन जितके कमी, तितके इंजिन गरम, हा समज अर्धाच खरा आहे. नॉब ओढत गेल्यावर एक्झॉस्टचे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंचे, तापमान आधी वाढते, शिखर गाठते आणि मग उतरू लागते. सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरचा माथा, सर्वाधिक तापते ते या शिखराच्या किंचित अलीकडे, म्हणजे मिश्रण अजून थोडे रिच (जास्त इंधनाचे) असताना. जास्त शक्तीवर याच पट्ट्यात रेंगाळणे घातक असते, म्हणूनच ७५ टक्के किंवा त्याहून कमी शक्तीवर आल्यावरच लीन करण्याची शिकवण दिली जाते. लायकमिंग कंपनीच्या अशा इंजिनांत सिलिंडर हेडची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट असली, तरी दीर्घायुष्यासाठी ४०० च्या आत राहावे.

कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि इंधन एकाच ठिकाणी मिसळून सगळ्या सिलिंडरांकडे पाठवणाऱ्या, जुन्या इंजिनांत चारही सिलिंडरांना इंधन सारखे पोहोचत नाही. सर्वांत उपाशी सिलिंडर आधी अडखळतो, इंजिन थरथरते आणि वैमानिक नॉब किंचित आत ढकलतो.

खाली उतरताना हवा पुन्हा दाट होते, म्हणून मिश्रणही टप्प्याटप्प्याने रिच करत आणावे लागते. विमान जागेवर उभे राहिल्यावर इंजिन बंद होते तेही किल्लीने नव्हे, तर हाच नॉब पूर्ण बाहेर ओढून, म्हणजे सिलिंडरात इंधन उरत नाही.