केन्झाबुरो ओए : बाप आणि कादंबरीकार

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय ते जपानचे कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांच्याविषयी.

शिकोकू बेटावर, रानानं वेढलेल्या ओसे गावात १९३५ साली त्यांचा जन्म झाला. टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकतानाच ते लिहू लागले आणि १९५८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यांना अकुतागावा पुरस्कार हा जपानमधला साहित्याचा मानाचा पुरस्कार मिळाला. नाव लवकर झालं. पण माझ्या मते हा लेखक खरा घडला १९६३ च्या उन्हाळ्यात.

त्या जूनमध्ये त्यांना मुलगा झाला, हिकारी. कवटीला जन्मजात व्यंग होतं. शस्त्रक्रिया केली नाही तर मूल जगणार नाही, केली तरी मतिमंदत्व राहील, असं डॉक्टरांचं म्हणणं. बाळ इस्पितळात असतानाच ओए लेखनासाठी हिरोशिमाला गेले. तिथं त्यांना रेडक्रॉस रुग्णालयाचे डॉ. शिगेतो भेटले. स्वतः अणुबॉम्बच्या तडाख्यातून वाचलेले हे डॉक्टर अठरा वर्षं रुग्णांची सेवा करत होते, उपचारांची नेमकी दिशा ठाऊक नसतानाही. त्यांना पाहून ओएंना बळ आलं. शस्त्रक्रिया झाली, मूल घरी आलं.

पुढच्याच वर्षी 'अ पर्सनल मॅटर' या नावानं जगभर गेलेली कादंबरी आली. तिचा नायक बर्ड अपंग बाळापासून पळ काढतो, दारू पितो, आफ्रिकेची स्वप्नं पाहतो आणि अखेर त्या बाळाला आपलं म्हणतो. मनात आलेला पळपुटेपणा बापानं इतक्या उघडपणे लिहावा, याला मोठी छाती लागते.

हिकारी बोलत नसे. पक्ष्यांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका मात्र तासन् तास ऐके. प्रत्येक आवाजामागून निवेदक पक्ष्याचं नाव सांगे. सहा वर्षांचा असताना, बापाच्या खांद्यावर बसून रानातून जाताना, पाणकोंबडीच्या कुळातला एक पक्षी ओरडला, आणि मुलानं निवेदकाच्याच सुरात त्याचं नाव सांगितलं! हाच हिकारी पुढे संगीतकार झाला. १९९२ मध्ये त्याच्या रचनांची पहिली सीडी निघाली.

१९९४ मध्ये ओएंना नोबेल मिळालं. लगेच जपान सरकारनं देऊ केलेला, सम्राटाच्या हस्ते मिळणारा संस्कृती सन्मान त्यांनी नाकारला, कारण लोकशाहीहून वरची कुठलीही सत्ता त्यांना मान्य नव्हती. २०११ मधल्या फुकुशिमा अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर, सत्तरी ओलांडूनही, ते अणुऊर्जेविरुद्धच्या मोर्चांत उतरले. मार्च २०२३ मध्ये ते गेले.

ओए वाचायचे असतील तर बर्डच्या कादंबरीपासून सुरुवात करा. जॉन नेथन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. नमस्कार.