वीकोसच्या घळईत पाणी शेवटी भेटते

नमस्कार. ग्रीसच्या वायव्येला, पिंडस पर्वतरांगेत झागोरी नावाचा दगडी गावांचा प्रदेश आहे. 2023 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. याच प्रदेशातली वीकोस ही घळई आम्ही चार मित्रांनी चालून पार केली. तुम्हालाही जायचे असेल, तर तिथल्या पाण्याचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा.

गिनेस बुकात या घळईची खोली 900 मीटर आणि दोन्ही कड्यांमधले अंतर अवघे 1,100 मीटर असे नोंदलेले आहे. एवढी खोल चीर पाण्याने पाडली असेल, तर तळाशी नदी खळाळत असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. मोनोडेंड्री गावातून पाऊण तास उतरून आम्ही तळाशी पोहोचलो, तेव्हा समोर होते पांढऱ्या गोट्यांचे कोरडे पात्र! हा सगळा डोंगर चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी त्याच्या भेगांमधून आत मुरते आणि जमिनीखालून वाहत राहते, त्यामुळे उन्हाळ्यात वाटेचा बराचसा भाग कोरडा असतो. आमच्यातल्या एकाने ‘खाली नदी आहेच की’ म्हणून एकच बाटली घेतली होती. दुपारपर्यंत तिचे चार वाटेकरी झाले. माणशी तीन लिटर पाणी मोनोडेंड्रीतच भरून घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

वाट सुमारे 12 किलोमीटरची असून सावकाश चालल्यास सहा-सात तास लागतात. बराचसा भाग झाडीतून जातो. पूर्वी इथले वैद्य याच घळईतून औषधी वनस्पती गोळा करत आणि उपचारांसाठी दूरदूरपर्यंत फिरत.

उत्तरेच्या टोकाला मात्र जमिनीखालचे ते पाणी एकदम वर येते आणि वोइडोमाटिस नदी सुरू होते. ते इतके गार असते, की घोटाभर पाण्यातही पाय फार वेळ ठेववत नाहीत.

सह्याद्रीत आपण ताजेतवाने असताना चढतो आणि थकल्यावर उतरतो. इथे क्रम उलटा आहे. झऱ्यांपासून वीकोस गावापर्यंतचा उभा चढ सगळ्यात शेवटी येतो, म्हणून थोडी ताकद त्याच्यासाठी राखून ठेवा. शिवाय गाडी मोनोडेंड्रीतच राहिलेली असते आणि रस्त्याने तिथे परतायला डोंगराला मोठा वळसा पडतो, तेव्हा वीकोस गावातून परतण्यासाठी टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी.