फूटपट्टीने मोजलेला ठेका

1972. लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे चौघे 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम रेकॉर्ड करायला इथे आले, तेव्हा यातली बरीच गाणी त्यांनी मैफलींत वाजवून घासूनपुसून घेतली होती. तरीही दौरे सांभाळत काम थेट 1973 उजाडेपर्यंत चाललं.

यातल्या 'मनी' या गाण्याची सुरुवात ऐका. खणखणारी नाणी, फाटणारा कागद, दुकानातल्या गल्ल्याची खटखट. वाद्यं नंतर येतात. बँडमधल्या रॉजर वॉटर्सची बायको मातीची भांडी घडवायची. तिच्या माती कालवायच्या मोठ्या भांड्यात त्याने मूठमूठ नाणी फेकली आणि तो आवाज टेपवर घेतला. मग कात्री आणि फूटपट्टी! टेप ठरलेल्या वेगाने धावते, म्हणजे टेपची लांबी हाच वेळ. प्रत्येक आवाजाचा तुकडा मोजून, सारख्या मापाचा कापायचा आणि पुढच्याला चिकटपट्टीने जोडायचा. माप जरा चुकलं की ठेका लंगडलाच. शेवटी दोन्ही टोकं जोडून पट्टीचं कडं झालं. ते इतकं मोठं की मशीनबाहेर माइकच्या स्टँडला वळसा घालून फिरवावं लागलं.

आणि मात्रा सात. रूपक तालात रमणाऱ्या आपल्या कानांना त्याचं काय नवल! पण चाराच्या ठेक्यावर पोसलेल्या रॉकमध्ये हे धाडसच होतं. डेव्हिड गिल्मोरचा गिटार सोलो आला, की गाणं मुकाट्याने चारावर येतं.

'टाइम' या गाण्यातली घड्याळं इंजिनियर ॲलन पार्सन्सची. जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन त्याने एकेक घड्याळ वेगवेगळं रेकॉर्ड केलं होतं, तेही दुसऱ्याच कामासाठी. इथे ती सगळी एकदम ठणाणली.

गाण्यांच्या मधेमधे माणसं बोलतात. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले होते: वेड, हाणामारी, मरण. स्टुडिओत जो सापडेल त्याला माइकपुढे बसवलं. 'बीटल्स'च्या पॉल मॅकार्टनीलाही विचारलं, पण त्याची उत्तरं फारच सावध, म्हणून वगळली. दरवान जेरी ओ'ड्रिस्कॉलची मात्र राहिली. बीटल बाहेर, दरवान आत! माझ्या मते हा या अल्बमचा सगळ्यात शहाणा निर्णय.

जानेवारी 1973. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये बँडमधल्या रिचर्ड राइटच्या पियानोवर गायला गायिका क्लेअर टोरी आली. शब्द नाहीत, चाल नाही; विषय तेवढा सांगितला, मृत्यू. सुरुवातीला ती 'बेबी, बेबी' करू लागली, तर तेही नको म्हणाले. मग आपण वाद्यच आहोत असं समजून तिने आवाज मोकळा सोडला. गाऊन झाल्यावर ती ओशाळली, जरा जास्तच झालं म्हणून माफी मागितली आणि 30 पौंड घेऊन घरी गेली. अल्बमवर आपला आवाज आहे, हे तिला रेकॉर्डच्या दुकानात कळलं.

पुढे ती कोर्टात गेली. 2005 मध्ये तडजोड झाली, आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची रचनाकार म्हणून राइटच्या जोडीला तिचंही नाव छापलं जाऊ लागलं.